तीन नंबरचं पिवळं कार्ड

दाजी, तुमच्या तेराव्याला जो आला त्यानं चपला काढता काढता नाक वर केलं आणि हळूच विचारलं, "घरात कोणाचं अंग दुखतंय का?" नंदुरबारच्या आत्याबाईंनी तर ताईला कोपऱ्यात घेऊन समजावलं, एवढा बाम चोळत जाऊ नकोस, कातडी सोलून निघते. ताई बिचारी रडता रडता मान हलवत होती. मला हसू आवरेना. पदराचा बोळा तोंडात कोंबून मी मोरीत गेले, पोटभर हसून डोळे पुसत बाहेर आले, तर बायका म्हणाल्या, साळीनं फारच मनाला लावून घेतलंय हो. तुमच्या पलंगाखाली बामाच्या वासाच्या त्या विंटरग्रीन तेलाची बाटली आडवी झाली होती, दाजी. झाकण घट्ट लावायची अक्कल तुम्हाला उभ्या जन्मात आली नाही.

तुमचा जन्म, शिक्षण, नोकरी, मंडळातली पदं, हे सगळं तुमच्या प्रवीणनं छापायला दिलंय, फोटोसकट. त्यात तुम्ही फार सज्जन दिसता. मला मात्र तुम्हाला वेगळंच सांगायचंय आणि ते तेराव्याच्या पंगतीत बोलण्यासारखं नव्हतं. मी तुमच्याशी खोटं बोलले होते. एकदाच, पण चांगलं ठोकून. आणि तुम्ही गेल्यावर त्या खोट्यावर तुमच्या शेतातल्या पापडीचं काय होणार हे येऊन ठेपलं. तुम्ही असतात तर मी ते पोटात ठेवून मेले असते. तुम्ही आधी नंबर लावलात.

आपलं दोघांचं पहिल्यापासूनच जमायचं नाही, म्हणजे फार जमायचं. सुरतेत पांडेसऱ्याच्या मिलमध्ये तुम्ही डाईंग मास्तर. गिऱ्हाईकानं चिंधी आणून दिली की तोच रंग हजार वार कापडावर उतरवायचा, हे तुमचं काम. ते काम तुम्ही घरीही घेऊन यायचात. ताईनं वरण वाढलं की तुम्ही खिडकीकडे वाटी धरून बघायचात आणि म्हणायचात, "कालच्यापेक्षा लालसर आहे." माझ्या लग्नात हळदीचं ताट आलं, तर सगळ्या बायकांसमोर तुम्ही म्हणालात, "हाऊ पिवया नही, शकू. हाऊ केशरी शे." पिवळा नाही म्हणे, केशरी! आणि ती हळद परत कालवायला लावलीत. माझी सासू मरेपर्यंत मला ते ऐकवत होती.

माझं उलटं. मला डोळ्यांपेक्षा नाकानं जास्त दिसतं. कच्च्या अगरबत्त्या सेंटमध्ये बुडवून, वाळवून, पुडे भरण्यात माझी पस्तीस वर्षं गेली. डोळे बांधा आणि मोगऱ्याची बाटली नाकाशी धरा, कुठल्या दुकानाची आणि त्यानं तिच्यात किती तेल घातलंय ते सांगते. तुम्ही मला म्हणायचात, बाई, तू कुत्र्याच्या जातीची. आणि मी म्हणायचे, दाजी, तुम्ही गिधाडाच्या, लांबून नुसतं बघणारे. ताई म्हणायची, दोघं जेवा आता.

रिटायर झाल्यावर माणसं देवदेव करतात. तुम्ही कामरेजच्या अलीकडे एका पटेलकाकांची दोन बिघे जमीन भागानं घेतलीत आणि सुरती पापडी लावलीत, वालाची. पहिल्याच वर्षी शेंड्यांवर मावा बसला. काळा, चिकट, बोटाला लागला की किळस येणारा. औषध मारलं, मावा गेला, पंधरा दिवसांत दुप्पट होऊन परत आला. तुम्ही चिडलात. मिलमध्ये बिघडलेला लॉट बघून चिडायचात तसेच चिडलात, जेवण सोडून. मग कोणीतरी सांगितलं म्हणून शेतीच्या शिबिराला गेलात, आणि ताईला ताप होता म्हणून सोबतीला मला नेलंत. मी आले ती तिथल्या जेवणासाठी, हे आता लपवण्यात अर्थ नाही.

शिबिरातल्या त्या तरुण मॅडम आठवतात? त्यांनी एक छोटी बाटली सगळ्यांच्या हातून फिरवली. माझ्यापाशी आली, मी वास घेतला आणि बोलून गेले, "अगं बाई, हा तर बाम!" सगळा मांडव हसला. तुम्ही कपाळाला हात लावलात, जसं काही मी तुमच्याबरोबर आलेच नव्हते. पण मॅडम म्हणाल्या, बेन बरोबर बोलतात. बामाला जो वास असतो तोच हा. मावा पानाचा रस प्यायला लागला की झाडच हा वास सोडतं, आणि मावा खाणारे किडे त्या वासाच्या मागे येतात. मला ते इतकं पटलं! झाडाचं अंग दुखायला लागलं की झाड आपलं आपण बाम लावतं. यात न समजण्यासारखं काय आहे?

मग मॅडमनी दुसरी गोष्ट सांगितली, आणि तिथून तुमचं डोकं फिरलं. म्हणाल्या, या मित्र किड्यांना पिवळा रंगही आवडतो. पिवळ्या कार्डावर एरंडेल चोपडून शेतात टांगायचं, दुसऱ्या दिवशी त्यावर कोण कोण चिकटलंय ते मोजायचं. मावा खाणारे मित्र पुरेसे असले तर औषधाचा पंप काढायची गरज नाही, ते आपलं काम करतात. तुम्ही हात वर करून विचारलंत, "कुठला पिवळा?" मॅडम म्हणाल्या, पिवळा म्हणजे पिवळा, काका. परतीच्या बसमध्ये तुम्ही कामरेजपासून पांडेसऱ्यापर्यंत एकच वाक्य बोलत होतात. पिवळा म्हणजे पिवळा! एवढी शिकलेली मुलगी आणि असं बोलते!

मी म्हटलं, दाजी, किड्यांना काय करायचंय तुमच्या छटा? ते वासानं येतात. तुम्ही म्हणालात, वास काय, वास तर गटारालाही असतो. रंग दिसतो, दिसेल तिकडे येतात. झालं. त्या बसमध्ये जे जुंपलं ते तुम्ही जाईपर्यंत चाललं.

तुम्ही अकरा पिवळे बनवलेत. मिलमधल्या जुन्या पोरांकडून रंगाच्या पुड्या आणल्यात, ताईच्या पातेल्यात कापडाचे तुकडे उकळलेत, ती पातेली ताईनं रडत रडत फेकली. अकरा पिवळी फडकी गच्चीवर वाळत होती तेव्हा शेजारच्या वहिनी वर आल्या आणि विचारू लागल्या, कोणाचं लग्न ठरलं? ताई म्हणाली, किड्यांचं. शेवटी तुम्ही एक लिंबासारखा पिवळा पास केलात, बाकीचे दहा नापास. मला तर अकराच्या अकरा सारखे दिसत होते. तसं म्हटलं तर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत.

ताईचा प्रश्न त्याहून अवघड होता. ती म्हणाली, "मित्र म्हणता, आणि चिकटवून मारता? असे कसले हो तुम्ही मित्र?" तुम्ही फडक्याच्या घड्या घालायला लागलात. मला फार आनंद झाला. मग तुम्ही ठरवलंत की कार्डं आठवड्यातून एकच दिवस टांगायची. शनिवारी सकाळी लावायची, रविवारी सकाळी मोजून काढायची. आणि मोजून झालं की तुम्ही त्या चिकटलेल्या किड्यांना हात जोडायचात, हे मी स्वतः बघितलंय. पटेलकाका ते बघून म्हणाले, मास्तर गांडा थई गया, वेडे झाले. मी त्यांना म्हटलं, काका, मास्तर आधीपासूनच असे आहेत.

त्या पास झालेल्या पिवळ्याचं फडकं डकवलेली सहा कार्डं होती. एक, दोन, चार ही माझी. त्यांच्याखाली प्लास्टिकच्या टोपणात कापूस आणि कापसावर विंटरग्रीनचे थेंब. तीन, पाच, सहा ही तुमची, नुसता रंग. तीन नंबरचं तर तुमचं लाडकं. शेवग्याच्या सावलीला, तुमच्या त्या एका हाताच्या प्लास्टिकच्या खुर्चीशेजारी. सगळ्या शेताला बामाचा वास यायचा. येणारे-जाणारे मजूर थांबून विचारायचे, काका, कंबरेला काही आहे का तुमच्याकडे? एका आजींना तर मी माझ्या बाटलीतले चार थेंब खोबरेल तेलात घालून दिले. त्या दर शनिवारी येऊ लागल्या.

आता प्रवीणचं. तुमचा एकुलता एक आणि माझा लाडका भाचा, म्हणून मी त्याच्याविरुद्ध काही ऐकून घेणार नाही. पण एम्ब्रॉयडरीच्या कारखान्यात सुपरवायझर झाल्यापासून त्याला सगळं मशीनसारखं लागतं. बटण दाबलं की काम झालं पाहिजे. दर रविवारी पाठीला पंप लावूनच यायचा. उत्तरायणच्या, म्हणजे आपल्या संक्रांतीच्या, तोंडावर सगळ्या सुरतेला उंधियूसाठी पापडी हवी असते, तेव्हाच मावा बसला तर वर्षाची मेहनत पाण्यात, असं त्याचं म्हणणं. ते काही चूक नव्हतं. बापलेकात जी वादावादी झाली ती तुम्हाला आठवत असेल. शेवटी तह झाला. ज्या रविवारी कार्डावर दहापेक्षा कमी मित्र, त्या रविवारी पंप चालणार. दहा किंवा वर, तर पंपाला हात लावायचा नाही.

"पण मावशीची कार्डं धरायची नाही," प्रवीण म्हणाला. "ती सेंट लावून बोलावते, ते खोटे ने? आपणहून आलेले मोजायचे."

"मंजूर," तुम्ही म्हणालात. "तीन नंबर धर."

माझ्या नाकाचा असा अपमान आजवर कोणी केला नव्हता. पण तुमचं तीन नंबरचं कार्ड खरंच कमाल करायचं. चौदा, बारा, पंधरा. लाल, काळ्या ठिपक्यांचे ढालकिडे, हिरव्या जाळीदार पंखांचे नाजूक किडे, हवेत एकाच जागी थांबणाऱ्या त्या माश्या. माझी वासाची कार्डंही तेवढंच द्यायची, जास्त नाही. तुमची पाच आणि सहा तीन-चारच्या वर जायची नाहीत, पण ती उन्हात आहेत, रंग उडतो, असं म्हणून तुम्ही त्यांना माफ करायचात. डायरीत आकडा लिहिताना तुम्ही माझ्याकडे बघायचात आणि नुसती भुवई वर करायचात. त्या भुवईनं माझं रक्त आटायचं, दाजी. बोलला असतात तर परवडलं असतं.

आणि मग तुम्ही अमळनेरला लग्नाला गेलात. शनिवारी कार्डं मी एकटीनं लावली, रविवारी मी एकटीनं मोजली. प्रवीणची डबल शिफ्ट होती. तीन नंबरवर चार. मी चष्मा पुसून मोजले. चारच. दोन ढालकिडे, एक हिरवा, एक माशी. शेंड्यांवर मावा नुकता बसायला लागला होता. आणि तेवढ्यात तुमचा फोन आला. मागे बँडबाजा वाजतोय आणि तुम्ही ओरडताय, "शकू, किती? तीन नंबर किती?"

दाजी, मला जन्मभर तुम्हाला हरवायचं होतं. संधी हातात आली होती. चार म्हटलं असतं की तुमचा रंग गेला असता, तुमची भुवई गेली असती. पण त्या बँडच्या आवाजात तुमचा आवाज असा काही आला, परीक्षेचा निकाल विचारणाऱ्या मुलासारखा. माझ्या तोंडून निघून गेलं, "तेरा." तुम्ही तिकडे कोणाला तरी सांगितलंत, तेरा! तो बिचारा नवऱ्या मुलाचा काका असणार. मी डायरीत तेरा लिहिलं. प्रवीणलाही तेच सांगितलं. पंप निघाला नाही.

घरी येऊन मला झोप कुठली लागायला? मावा वाढला तर? पोराची पापडी गेली तर? माझ्या एका शब्दापायी! पुढच्या शनिवारी मी मुद्दाम तुमच्याबरोबर आले आणि दिवसभर तुमच्यावर डोळा ठेवून बसले. तुम्ही बसमधून उतरलात, बांधावरून लंगडत गेलात, कार्ड लावलंत, त्या खुर्चीत बसलात. पायजमा गुडघ्यांच्या वर घेतलात. खिशातून बामाची डबी काढलीत आणि दोन्ही गुडघ्यांना चोळचोळ चोळलंत.

मी बघतच राहिले. तुमच्या गुडघ्यांपासून तीन नंबरचं कार्ड हातभर अंतरावर. थोड्या वेळानं एक ढालकिडा आला आणि कार्ड सोडून थेट तुमच्या डाव्या गुडघ्यावर बसला. तुम्ही त्याला बोटावर घेतलंत, कौतुकानं कार्डाजवळ नेलंत आणि मला म्हणालात, "देख, शकू! रंगनी कमाल!"

त्या रविवारी पंधरा आले.

म्हणजे बघा. दर शनिवारी तुम्ही बाम लावून त्या कार्डाशेजारी बसायचात, आणि सगळं शेतच बामानं घमघमत असल्यामुळे कोणाला संशयही यायचा नाही. मलासुद्धा नाही! पस्तीस वर्षांचं नाक, आणि तुमचे गुडघे मला कळले नाहीत. माझ्या कार्डांना कापूस होता, तुमच्या कार्डाला तुम्ही होतात. हे मला बोलून दाखवायचं होतं. दहादा जिभेवर आलं. भरल्या घरात, जेवताना, ताईसमोर सांगायचं आणि तुमचं तोंड बघायचं, असा बेत मी किती वेळा केला. पण मग अमळनेरच्या तेराचंही सांगावं लागलं असतं. आणि खरं सांगू? तुम्ही त्या डायरीवर इतके खूश होतात. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चिंध्यांचे रंग जुळवलेत, हा पहिला रंग तुमचा स्वतःचा होता. म्हटलं, राहू दे. उत्तरायण होऊ दे, मग सांगू.

तुम्ही उत्तरायणची वाट बघितली नाहीत. मंगळवारी सकाळी चहा घेता घेता गेलात. बशी तशीच होती, भरलेली. ताईला वाटलं तुम्ही चहाचा रंग बघताय.

मला तुमचा राग आलाय, दाजी. हे स्पष्ट सांगते. दुःख आहेच, ते ताईला दाखवत नाही, प्रवीणला दाखवत नाही, बत्त्या बुडवताना एकटीच असते तेव्हा येतं. पण राग त्याहून जास्त आहे. एवढं मोठं भांडण अर्धवट टाकून कोणी जातं का?

तेरावं झालं, आणि प्रवीण म्हणाला, "मावशी, या शनिवारी कार्डं लावू या. पप्पांचा नियम आहे. दहाच्या खाली आले तर मी पंप मारणार, उत्तरायण अगदी जवळ आलंय." मी हो म्हटलं. आणि मला दरदरून घाम फुटला. कारण तीन नंबरला दहा कधी येणारच नव्हते. दहा आणणारे गुडघे तापीकाठी राख झाले होते.

शनिवारी मी पिशवीत विंटरग्रीनची बाटली घेऊन गेले. हो, घेऊन गेले. मनात पक्कं केलं होतं, तीन नंबरला मागून दोन थेंब लावायचे, कोणाला कळणार आहे? तुमचा रंगही राहील, पापडीही राहील. शेताच्या कडेला, रस्त्यापाशीच, मी झाकण उघडून बघितलं, आहे ना पुरेसं म्हणून. तो वास आला आणि मला तुम्ही दिसलात. पायजमा वर घेतलेले, बोटावर किडा घेतलेले. मी बांधावर बसले आणि हमसून हमसून रडले, दाजी. तेराव्यालाही रडले नव्हते अशी. पटेलकाका लांबूनच बघून परत फिरले. मग मी झाकण लावलं, बाटली पिशवीत घातली, पिशवी तिथेच बाभळीला टांगली आणि तीन नंबरचं कार्ड कोरडंच लावून आले. एकदा खोटं बोलले तेव्हा तुम्ही ऐकायला होतात. आता कोणाला फसवायचं?

रविवारी प्रवीण आला, पंप भरून. मी म्हटलं, तूच मोज. त्यानं बोट लावून लावून दोनदा मोजले.

"पाच." त्यानं बोटाला लागलेलं एरंडेल रुमालाला पुसलं. "नियम पप्पांचाच आहे ने, मावशी." आणि पट्टे खांद्यावर चढवायला लागला.

"प्रवीण, थांब. पप्पा अमळनेरला गेले होते तेव्हा तेरा नव्हते. चार होते. मी खोटं लिहिलं."

त्यानं एक पट्टा खाली सोडला. "तू खोटं बोललीस? पप्पांशी?"

"आधी त्यांच्याशी. मग तुझ्याशी."

"आणि बाकीचे? चौदा, पंधरा?"

"ते खरे. पण ते रंगावर आले नव्हते, बाबा. तुझ्या पप्पांच्या गुडघ्यांवर आले होते." आणि मी त्याला सगळं सांगितलं. खुर्ची, डबी, पायजमा, सगळं.

तो ऐकता ऐकता खाली बसला. तोंड हातांत घेतलं, खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतोय, पाठीवर हात ठेवला, तर हसत होता. "पप्पांनी मला त्या लेमन यलोवर अर्धा तास लेक्चर दिलं होतं, मावशी! मी लेट पडलो कामावर!" मग खरंच रडला. मग डोळे पुसून चिडला, तुमच्यासारखाच, एकदम. "एटले बधूं खोटं, सगळंच! पप्पा खोटे, तू खोटी, कार्ड खोटं!"

"तोंड सांभाळ," मी म्हटलं. "पप्पा खोटे नव्हते. त्यांचे गुडघे दुखत होते."

"मग आता मी काय धरून चालू?"

"हे धर. त्या रविवारी चार आले होते. नियमानं पंप निघायला हवा होता, निघाला नाही. माझ्या पापामुळे नाही निघाला. मग तुझी पापडी गेली का? शेंडे बघ जा. मावा दिसला तर मार खुशाल, मी पंपात पाणी भरून देते."

तो गेला. पट्टा एका खांद्यावर लोंबकळत, ओळीनं पानं उलटत. मी बांधावर उभी. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. त्या शेंड्यांवर मावा निघाला असता तर मी तुमच्यासमोर कुठल्या तोंडानं हे लिहिलं असतं? एक ओळ झाली, दुसरी झाली. मग त्यानं हाक मारली. "मावशी, मावा होता, पण सुकून गेलाय. आणि हे काय फिरतंय? काळं, नारिंगी ठिपक्यांचं?"

"ढालकिड्यांची पोरं ती! मावा तीच तर जास्त खातात. मारू नको."

"मी तर यालाच मारत होतो," तो हळूच म्हणाला. चार ओळी त्यानं बघितल्या. शेंगा लागलेल्या, गच्च, कोवळ्या. परत येऊन पंप खाली ठेवला. "दहा हा आकडा पप्पांनी आणला कुठून, मावशी? शिबिरात सांगितला होता?"

मला आठवलं आणि मी कपाळावर हात मारून घेतला. शिबिरात कोणी आकडा सांगितलाच नव्हता. मॅडम म्हणाल्या होत्या, आपापल्या शेतात बघून ठरवा. दहा तुमचा. मिलमध्ये दहा नमुने जुळल्याशिवाय तुम्ही लॉट पास करायचा नाहीत, तोच दहा तुम्ही किड्यांना लावलात. वा रे मास्तर! किड्यांचापण लॉट!

प्रवीणनं ठरवलं, आता पंपाचा निकाल पानं उलटून लावायचा, कार्ड फक्त सोबतीला. मग डायरी मागितली. अमळनेरच्या तारखेचा तेरा खोडला, चार लिहिला आणि पेन माझ्या हातात दिलं. म्हणाला, सही कर. सुपरवायझर आहे ना! मी केली. उद्या ताईला सांगणार आहे म्हणाला. सांगू दे. ताई मला बोलेल आणि मग गुडघ्यांचं ऐकून हसेल. ती हसली तर मला सगळं चालेल.

म्हणजे वाद मी जिंकले, दाजी. वासानंच येतात. घरी येताना बसमध्ये मी हेच मनाशी म्हणत होते, जिंकले, जिंकले, आणि शेजारच्या सीटवर कोणी तोंड वाकडं करायला नव्हतं. इतकं रिकामं वाटलं की घराच्या अलीकडे उधन्यालाच उतरून चालत घरी आले.

चालता चालता डोक्यात आलं. या शनिवारी तीन नंबरजवळ काहीच वास नव्हता. माझा कापूस लांब, बाटली बाभळीला, खुर्ची रिकामी. तरी पाच आले. मी ते पाच मनातल्या मनात इकडून तिकडून हलवून बघितले, माझ्या बाजूला एकही येईना. माणूस गेल्यावर लोक त्याच्याबद्दल गोडगोड बोलतात, मी बोलणार नाही, तुमचे दहा नव्हते म्हणजे नव्हते. पण हे पाच कोणी बोलावले नव्हते. नुसता तुमचा पिवळा बघून आले. प्रवीणनं दोनदा मोजलेत, मी तिसऱ्यांदा मोजलेत, आणि या वेळी आकडा खरा आहे, दाजी. हे पाच तुमचे.